चितळाचा रिपोर्ट दर वेळी लाल का येतो?

तक्रार एकच, आणि दर सहा महिन्यांनी ती फिरून येते. बंदिस्त कळपातल्या चार-पाच चितळांचं रक्त काढायचं, नळ्या जळगावला पाठवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आलेल्या रिपोर्टात निम्म्या ओळींवर लाल खूण. साखर जास्त, सीपीके आणि एसजीओटी ही विकरं (एन्झाइम) जास्त, पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल जास्त, लिम्फोसाइट कमी, एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार कमी. तासाभरात वरून फोन येतो, "कळपात काही साथ आहे का?" इकडे ते चितळ निंबाच्या सावलीत निवांत रवंथ करत बसलेलं असतं. कळपाची राखण करणारे आबा पहिल्या खेपेला तो कागद बघून म्हणाले होते, "डॉक्टर, तुम्हना कागद खोटा बोली राहिना. जनावर बेस शे." म्हणजे अहिराणीत, कागद खोटं बोलतोय, जनावर ठीक आहे.

आबांचं म्हणणं अर्धं खरं होतं. त्या कागदावर चितळाची तब्येत थोडी आणि आमची कर्तबगारी जास्त छापून आली होती. किती पळवलं, कसं दाबून धरलं, नळी किती वेळ उन्हात राहिली, सगळं तिथे आकड्यांत होतं. उरलेलं अर्धं पुढे दोन वर्षांनी कळलं, जेव्हा एका मादीचा कागद अगदी चांगला आला आणि मादी मेली. तिच्याबद्दल खाली सांगतो.

हे लिहितोय ते प्राणिसंग्रहालयात किंवा बचाव केंद्रात हरणं सांभाळणाऱ्यांसाठी, आणि मुख्यतः गाई-म्हशींच्या दवाखान्यात बसून हे काम 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून अंगावर आलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरांसाठी. चितळ घरी किंवा शेतावर पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा 'आमच्या मळ्यातल्या हरणाला काय खाऊ घालू' हा प्रश्न मला विचारू नका.

आधी नळ्या बघा

रिपोर्ट विचित्र आला की आपण लगेच रोगांची पुस्तकं उघडतो. त्याआधी नमुना कसा गेला ते विचारा. आमच्या पहिल्या दोन खेपांची निम्मी भानगड तिथेच सुटली.

एका नराचं पोटॅशियम १४ आलं आणि कॅल्शियम ३. असं रक्त अंगात असलेलं जनावर उभंच राहणार नाही, त्याचं हृदय केव्हाच थांबेल. हा नर तर सकाळी कुंपणावरून उडी मारायच्या बेतात होता. झालं असं की मदतनिसाने जांभळ्या टोपणाची नळी आधी भरली, ती जास्त भरली म्हणून थोडं रक्त लाल टोपणाच्या नळीत ओतलं. जांभळ्या नळीत ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. त्याचे चार थेंब दुसऱ्या नळीत गेले की पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम तळाला. अल्कलाइन फॉस्फेटेजही खोटंच कमी येतं, कारण त्या विकराला लागणारं मॅग्नेशियम आणि जस्तसुद्धा ईडीटीए गिळतं. पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली अशी जोडी दिसली की औषध शोधू नका, मदतनिसाला चहा पाजा आणि विचारा. आता आम्ही लाल नळी आधी भरतो आणि जांभळी शेवटी.

दुसरी खोड म्हणजे सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्याचा, रंग. ते गुलाबी किंवा लालसर असेल तर लाल पेशी फुटल्या आहेत, आणि पेशींच्या पोटातला माल सीरममध्ये सांडला आहे. एसजीओटी, एलडीएच ही विकरं आणि फॉस्फरस हे सगळं त्यामुळे वाढून येतं. पेशी फोडण्याचे मार्ग आपल्याकडे भरपूर. सिरिंजची सुई न काढता रक्त जोराने नळीत मारणं हा एक. नळी जोरजोरात हलवणं हा दुसरा, ती हळूच उलटी-सुलटी करायची असते. तिसरा खास खानदेशी आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून काळजीपोटी लोक नळ्या थेट बर्फात खुपसतात, थर्मास बंद करतात आणि एसटीच्या कंडक्टरकडे देतात. बर्फाला चिकटलेलं रक्त गोठून पेशी फुटतात. नळ्यांभोवती आधी जुनं वर्तमानपत्र किंवा कापूस गुंडाळा, मग बर्फाची पिशवी. गारवा हवा, बर्फाचा स्पर्श नको.

तिसरी गोष्ट वेळ. सीरम वेगळं न करता रक्त तसंच ठेवलं तर पेशी आतली साखर खात राहतात, साध्या खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के. उन्हाळ्यात एसटीच्या टपावरच्या तापमानाला काय होत असेल ते तुम्हीच बघा. साखरेसाठी राखाडी टोपणाची फ्लोराइडची नळी वापरायची, आणि बाकी रक्त गोठलं की तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून सीरम दुसऱ्या नळीत काढून घ्यायचं. सेंट्रिफ्यूज नाही हे कारण सांगू नका. तालुक्याच्या गावी माणसांची पॅथॉलॉजी लॅब असतेच, आणि तिथल्या ताई-दादांना हरणाचं रक्त बघायची हौस असते.

मशीन माणसाचं, रक्त हरणाचं

हौस असते, पण धक्काही बसतो. नंदुरबारकडच्या एका लॅबमधून आलेला फोन मी विसरणार नाही. "सर, तुमच्या हरणाला सिकलसेल आहे. पूर्ण स्लाइड भरलीय." त्या जिल्ह्यात भिल्ल आणि पावरा वस्त्यांमधून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण इतके आहेत की तिथल्या तंत्रज्ञाला विळ्याच्या आकाराची पेशी झोपेतही ओळखू येते. ती बिचारी खरंच बोलत होती. स्लाइडवर विळे होते, काड्या होत्या, टोकदार होड्या होत्या.

हरणाच्या लाल पेशी विळ्यासारख्या होतात हे इंग्लंडमधल्या जॉर्ज गलिव्हरने १८४० मध्येच नोंदवलं होतं, म्हणजे माणसातल्या सिकलसेलचं १९१० मधलं पहिलं वर्णन यायच्या ७० वर्षं आधी. रेनडिअर आणि मूस असे काही अपवाद सोडले तर बहुतेक हरीण-जातींत हे दिसतं. गंमत अशी की कारण अगदी उलटं आहे. माणसाची सिकल पेशी ऑक्सिजन कमी पडला की वाकडी होते. हरणाची पेशी ऑक्सिजन भरपूर असला आणि रक्त अल्कधर्मी झालं की वाकते. नळी उघडी राहिली की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि पेशी विळा होते. चितळाच्या अंगात त्याचा काही त्रास नाही, रक्तक्षय नाही, दुखणं नाही. त्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आमच्या पेशंटांचं असं का नाही हो?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एमसीव्हीची लाल खूणही इथलीच. माणसाची लाल पेशी ८० ते १०० फेम्टोलिटर आकाराची, चितळाची त्याच्या निम्म्याच्या आसपास, पण संख्येने कितीतरी जास्त. मशीनला हे माहीत नसतं. ते छोट्या पेशी बघून 'लोहाची कमतरता' असा शेरा मारतं, आणि कोणीतरी तो वाचून लोहाचं इंजेक्शन मागवतं. मशीनमध्ये जनावरांची सेटिंग नसेल तर एमसीव्हीकडे बघूच नका. बारीक काचनळीत रक्त फिरवून काढलेला पीसीव्ही, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं शेकडा प्रमाण, घ्या, तो माणूस-हरीण असा भेद करत नाही.

एक हिशेबाची चूक मी स्वतः वर्षभर केली, लाज वाटते पण सांगतो. आपल्याकडच्या लॅब 'ब्लड युरिया' छापतात. परदेशी तक्त्यांत 'बीयूएन' असतं, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. युरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन येतो. मी ४५ युरिया थेट बीयूएनच्या रकान्याशी ताडत होतो आणि कळपाची मूत्रपिंडं बिघडली म्हणून पाण्याच्या हौदाचे नमुने पाठवत होतो. खरा बीयूएन २१ होता. साखरेचंही तसंच, मिलिमोलला १८ ने गुणलं की आपलं मिलिग्रॅम येतं.

आणि काळवीट. बोलताना आपण त्यालाही हरीणच म्हणतो, पण ते कुरंग आहे, गाय-बकरीच्या कुळातलं. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणं. खऱ्या हरणाला पित्ताशयसुद्धा नसतं. आमच्या जुन्या वहीत दोघांचे आकडे एकाच रकान्यात होते आणि त्यावरून सरासरी काढलेली होती. ती पानं मी फाडली नाहीत, फक्त त्यावर आडवी रेघ मारली.

पकडण्याचा हिशेब

नळ्या सुधारल्या, लॅब सुधारली, तरी साखर, सीपीके आणि पांढऱ्या पेशी लालच राहिल्या. हा चितळाचा स्वभाव. गाय दावणीला बांधून रक्त देते, चितळाला माणसाचा हात लागणं म्हणजे बिबट्याचा दात लागणं. भीतीने अॅड्रिनलिन सुटतं आणि यकृत साखर सोडतं. भूल देऊन पकडलं तरी साखर वाढलेलीच येते, कारण झायलाझिन हे भुलीचं औषध स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटू देत नाही. थोडक्यात, वाढलेल्या साखरेवरून चितळाबद्दल काहीच कळत नाही.

उलट 'नॉर्मल' साखरेवरच जास्त संशय घ्यायला हवा. एका खेपेला सगळ्यांची साखर मध्यात आली म्हणून आम्ही खूश झालो. मग लक्षात आलं की त्या दिवशी नळ्या पाच तास तशाच पडून होत्या. भीतीने साखर वाढवली, उशिराने ती खाल्ली, आणि दोन चुका एकमेकींना मारून कागदावर चांगला आकडा राहिला.

पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल वर, लिम्फोसाइट खाली, इओसिनोफिल जवळजवळ नाहीत, हे चित्र कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचं आहे. सकाळी जाळ्याजवळ गोळा केलेला कळप दुपारपर्यंत ताटकळला की ते येणारच. खरा जंतुसंसर्ग असेल तर कोवळ्या, पट्टीसारख्या केंद्रकाच्या न्यूट्रोफिल पेशी दिसतात आणि फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन चढतं. म्हणून स्लाइड बघणाऱ्याला ते दोनच प्रश्न विचारा, बाकी टक्केवारी राहू द्या.

सीपीके मात्र दुर्लक्ष करण्यासारखं नाही. हे स्नायूंतून येतं. डार्टच्या, म्हणजे लांबून मारलेल्या भुलीच्या, सुईनेही थोडं वाढतं, पकडताना झटापट झाली की आणखी. काही शेवर असेल तर सोडून द्या. हजारांत गेलं की पकडताना आपलं चुकलं. दहा-वीस हजारांच्या पुढे असेल तर पुढचे दोन आठवडे त्या जनावरावरून नजर हटवू नका. जास्त पळवलेल्या, जास्त तापलेल्या हरणाचे स्नायू आतून कुजायला लागतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन लघवीत येतं आणि लघवी काळ्या कॉफीसारखी होते. मागचे पाय ताठतात, मान वाकते, आणि जनावर दुसऱ्या दिवशी किंवा दहाव्या दिवशी जातं. याला इलाज म्हणावा असा इलाज नाही, सलाइन आणि नशीब. सीपीके काही तासांत चढतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं, एसजीओटी मागाहून हळू उतरतं. म्हणून एसजीओटी वाढलेलं आणि सीपीके साधं असेल तर यकृताचा विचार करण्याआधी आबांना विचारायचं, "चार-पाच दिवसांपूर्वी कळप कशाने उधळला होता का?" एकदा उत्तर आलं, "गणपतीना मिरवणूकमा डीजे व्हता ना." वेगळं निदान करायची गरज पडली नाही.

यातून आम्ही स्वतःला घातलेले नियम कडक आहेत. होळीनंतर पहिला पाऊस पडेपर्यंत रक्त काढायचं नाही, जीव वाचवायचा असेल तरच. बाकी दिवसांत उजाडताना काम सुरू आणि ऊन चढायच्या आत बंद. पाठलाग दोन-तीन मिनिटांच्या वर नाही, नाही जमलं तर त्या दिवशी ते जनावर सोडून द्यायचं. पकडलं की डोळ्यांवर पट्टी, छातीवर बसवलेलं, मान वर आणि तोंड खाली, म्हणजे पोट फुगत नाही आणि लाळ श्वासनळीत जात नाही. गुदद्वारातलं तापमान आधी घ्यायचं. ४१ अंशांच्या वर असेल तर सुई बाजूला ठेवा आणि पाणी ओता.

प्लीहा, आणि ती मादी

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. हरणाची प्लीहा ही लाल पेशींची कोठी आहे. आपल्याकडे धान्याची कणगी असते तशी. वाघ मागे लागला की अॅड्रिनलिनच्या हुकमाने प्लीहा आकसते, आणि कोठीतल्या पेशी एकदम रक्तात येतात. पळायला जास्त ऑक्सिजन मिळावा म्हणून केलेली ही सोय. झायलाझिन दिलं की उलटं होतं. प्लीहा सैल पडते, पेशी पुन्हा कोठीत जमा होतात. त्यामुळे तेच चितळ, तोच आठवडा, पण जाळ्यात धरलेल्याचा पीसीव्ही ५० च्या आसपास आणि भूल दिलेल्याचा ३५ च्या आसपास येऊ शकतो. एकाला 'पाणी कमी पडलंय' म्हणून सलाइन आणि दुसऱ्याला 'रक्त कमी आहे' म्हणून लोह, दोन्ही औषधं आमच्या वहीत सापडतील. दोघंही ठणठणीत होते.

इथवर नुकसान फक्त औषधांच्या पैशाचं. खरा धोका दुसऱ्या बाजूला आहे.

पावसाळा संपत आला होता. एक मादी थोडी मागे राहत होती, केस खरखरीत, पाठीची हाडं जरा दिसायला लागलेली. आम्ही तिला जाळ्यात घेतलं. दोनदा हुकली, तिसऱ्यांदा सापडली, म्हणजे चांगली पळाली. पीसीव्ही आला ३८. मी फाइलवर 'सामान्य' लिहिलं. तीन आठवड्यांनी सकाळी आबांना ती हौदाजवळ आडवी सापडली. शवविच्छेदनात चौथ्या पोटात, म्हणजे अॅबोमॅसममध्ये, लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यांसारखे जंत लोळत होते. हिमॉन्कस. शेळ्या-मेंढ्यांत आपण रोज बघतो तोच, रक्त पिणारा.

३८ हा आकडा खोटा नव्हता, तो उधारीचा होता. तिच्या रक्तात पेशी कमीच होत्या, पण तीन पाठलागांनी तिची कणगी तळापर्यंत रिकामी केली आणि कागदावर ३८ उमटले. ती शांत असताना मोजलं असतं तर विशीत निघाला असता असं मला वाटतं. पण माझ्या डोक्यात बसलंय ते दुसरंच. त्याच कागदावर चार ओळी खाली टोटल प्रोटीन ४.६ लिहिलं होतं. ते मी वाचलंच नाही, कारण त्यावर लाल खूण नव्हती. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या चाचणीला मर्यादाच घातलेली नव्हती.

जंत रक्त पितो तेव्हा पेशींबरोबर प्रथिनंही जातात. प्लीहा पेशी उधार देऊ शकते, प्रथिनं देऊ शकत नाही. म्हणून पीसीव्ही कधी एकटा वाचायचा नाही, प्रोटीनला शेजारी बसवायचं. पीसीव्ही चढलेला आणि प्रोटीन जागच्या जागी असेल तर प्लीहा आकसलीय, जनावर घाबरलंय. दोन्ही चढलेले असतील तर खरंच पाणी कमी पडलंय, हौद तपासा. दोन्ही उतरलेले असतील तर रक्त कुठेतरी वाहतंय, आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर त्याचा पहिला अर्थ जंत. पीसीव्ही उतरलेला पण प्रोटीन ठीक असेल तर आधी झायलाझिन दिलं होतं का ते बघा, नसेल तर कानाच्या टोकाचं रक्त घेऊन स्लाइड करा, त्यात रक्तातले जंतू शोधा, गोचिडीमुळे येणारा बबेसिया, अॅनाप्लाझ्मा, नाहीतर चावऱ्या माश्यांच्या मोसमात सरा या आजाराचे. थैलेरिया हा तसलाच जंतू दिसला तर लगेच धावपळ नको, हरणांच्या रक्तात तो अनेकदा आजाराविनाच मुक्काम करतो. आणि पाचवी जोडी, तिच्यासारखी, पीसीव्ही मध्यात आणि प्रोटीन खाली. ती दिसली की पीसीव्हीवर विश्वास ठेवू नका.

रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं नळकांडं मिळतं, दोन थेंब प्लाझ्मात प्रोटीन लगेच कळतं, वीज लागत नाही. मी ते स्वतःच्या पैशाने घेतलं. वरिष्ठांकडे मागणी केली असती तर अजून ती फिरत असती.

आणखी एक, जे मी आधी करायला हवं होतं. जंत मोजायला रक्त लागतच नाही. ताज्या लेंड्या उचलायला जनावर पकडावं लागत नाही, कोणी पळत नाही, कोणी मरत नाही. आबा आता महिन्यातून एकदा सकाळी सकाळी बाटल्या भरून ठेवतात, कोणत्या मादीची लेंडी कोणती हे त्यांना कसं कळतं कोण जाणे, पण चुकत नाहीत.

तक्त्याचं काय करायचं

सगळं नीट केलं तरी काही लाल खुणा राहतील, आणि त्यांना घाबरायचं नाही. तक्त्यातली मर्यादा म्हणजे निरोगी जनावरांपैकी ९५ टक्के ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा. म्हणजे धडधाकट जनावरालाही प्रत्येक चाचणीत पाच टक्के शक्यता बाहेर पडायची. चाचण्या २० असतील तर किमान एक लाल खूण येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. एकही लाल खूण नसलेला रिपोर्ट बघून मी आता जरा थबकतो.

नीट मर्यादा ठरवायला साधारण १२० निरोगी जनावरं लागतात. आपल्या कळपात वीस-बावीस. म्हणून दोन गोष्टी करायच्या. स्पीसीज३६० ही संस्था जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतून प्रत्येक जातीचे आकडे गोळा करते, त्यात चितळाचे, म्हणजे ॲक्सिस ॲक्सिसचे, वेगळे मिळतात. ते गाईच्या तक्त्यापेक्षा कधीही बरे. दुसरं, प्रत्येक चितळ त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्यांशी ताडायचं. ज्या मादीचं प्रोटीन तीन वर्षं ७ राहिलंय तिचं ५.८ आलं, तर तक्ता काही म्हणो, मला झोप येत नाही.

चाऱ्याचा परिणाम युरियावर लगेच दिसतो. लसूणघास आणि सरकी पेंड भरपूर असली की युरिया चढतो, नुसत्या ज्वारीच्या कडब्यावर ठेवलं की उतरतो. पण उपासमार लांबली की जनावर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं आणि युरिया पुन्हा चढतो. म्हणून चढलेला युरिया बघून 'खुराक चांगला आहे' असं म्हणण्याआधी पाठीवरून हात फिरवा, तो फिरवता येत नसेल तर दुर्बिणीतून कमरेची हाडं बघा. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांनी कुंपणातून टाकलेल्या केळ्यांच्या साली, भाकरी आणि बिस्किटं यांचा हिशेब मात्र नेहमीच्या सीरम तपासणीत येत नाही, तो सोमवारी लेंडीत दिसतो.

आता आम्ही प्रत्येक नळीबरोबर एक चिठ्ठी पाठवतो. जाळं की डार्ट, पाठलाग किती मिनिटं, औषध कोणतं आणि किती वाजता, रक्त किती वाजता, सेंट्रिफ्यूज किती वाजता, सीरमचा रंग, तापमान, नर असेल तर शिंगांची अवस्था. लॅबवाले सुरुवातीला हसले, मग त्यांनीच तिची छापील पावती केली.

शिंगांचा रकाना आबांनी वाढवायला लावला. गेल्या हिवाळ्यात पाच जनावरांत तीन लाल खुणा आल्या. दोन साखरेच्या होत्या, चिठ्ठीवर झायलाझिन लिहिलेलं होतंच. तिसरी एका नराच्या अल्कलाइन फॉस्फेटेजवर, चांगलीच वर. मी यकृताच्या चाचण्या लिहायला पेन उघडलं तर आबा म्हणाले, "त्याना शिंगेस्वर अजून मखमल शे, डॉक्टर." चितळात नरांची शिंगं वर्षभरात कधीही झडतात आणि कधीही उगवतात, शेजारच्या नराची टणक असताना याची मखमलीत, म्हणजे वाढत्या शिंगावरच्या केसाळ कातडीत, असू शकतात. शिंग म्हणजे भराभर वाढणारं हाड, आणि वाढत्या हाडाला ते विकर लागतंच. पेन बंद केलं. फेब्रुवारीत मखमल सुटली, तेव्हा त्या नराला पुन्हा पकडलं नाही.